नोंद कोणाची, वही कोणाच्या हाती? जुन्नरी कागदापासून मोबाईलच्या हजेरीपर्यंत

पुणे जिल्ह्यात पारगाव नावाची गावे एकाहून अधिक आहेत. सरकारी कागदावर घोळ होऊ नये म्हणून त्यांच्या नावाला एक शेपूट जोडलेले असते. आंबेगाव तालुक्यातले ‘पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक’, जुन्नर तालुक्यातले ‘पारगाव तर्फे आळे’. सातबारा काढणारा शेतकरी हे ‘तर्फे’ वर्षानुवर्षे वाचत आला आहे, पण तो शब्द कुठून आला याचा विचार सहसा कोणी करत नाही.

‘तरफ’ हा अरबी शब्द. अर्थ बाजू, दिशा. बहमनी काळात तरफ म्हणजे सुलतानीचा प्रांत. पंधराव्या शतकात वजीर महमूद गवान याने राज्याच्या चार तरफांच्या आठ केल्या, त्यातली एक जुन्नर होती. पुढे हाच शब्द आकसत गेला आणि परगण्यातल्या काही गावांच्या गटाला तरफ म्हणू लागले. बहमनी गेले, निजामशाही गेली, मोगल, पेशवे, इंग्रज गेले. ‘तर्फे’ मात्र कागदावरून संगणकाच्या पडद्यावर येऊन बसला.

कामाच्या जगातले आपले इतर शब्दही असेच आहेत. हजेरी, मुकादम, मजूर, कारखाना, हिशेब, जमा, बाकी, वसुली. हे सगळे अरबी-फारसीतून दफ्तराच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच झाले. माणसाने किती काम केले हे कोणीतरी लिहून ठेवायचे आणि त्या लिखाणावर त्याची भाकरी ठरायची, ही व्यवस्था किती जुनी आहे हे या शब्दांवरून कळते. आज ‘डिजिटल व्यवस्थापन’ असे भारदस्त नाव घेऊन जे समोर येते, त्याची मुळे इथपर्यंत पोहोचतात. म्हणून त्याच्याकडे पाहताना ॲप किती नवे आहे यापेक्षा नोंद कोणाची होते, ती कोण करतो आणि ज्याच्याबद्दल ती आहे त्याला ती पाहता येते का, हे विचारणे जास्त उपयोगाचे ठरते.

जुन्नरचा कागद

जुन्नर म्हटले की शिवनेरी आठवतो, लेणी आठवतात. पण हे शहर एकेकाळी कागदासाठीही ओळखले जाई. जुन्नरचे मुस्लिम कारागीर हाताने कागद बनवत. त्यांना ‘कागदी’ म्हणत आणि तेच पुढे त्यांचे आडनाव झाले. दौलताबादजवळचे कागजीपुरा आणि जुन्नर ही दख्खनेतली कागदाची नावाजलेली ठिकाणे. पेशवाईत पुण्याच्या दफ्तरात जुन्नरी कागद वापरला जाई. आज इतिहासाचे अभ्यासक मोडी कागदपत्रे चाळतात, तेव्हा त्यातल्या कित्येक पानांमागे या कारागिरांचे हात असतात. लिहिणाऱ्या कारकुनाचे नाव कधीमधी सापडते, कागद करणाऱ्याचे नाव बहुतेक वेळा सापडत नाही.

राज्य चालवायला तलवारीइतकीच वही लागते, हे या भागाने लवकर पाहिले. मलिक अंबरचे उदाहरण घ्या. हबशी मुलखातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. ज्याची स्वतःची नोंद कधी व्यापाऱ्याच्या हिशेबात एक किंमत म्हणून झाली असेल, त्याने जमिनीची प्रत आणि प्रत्यक्ष लागवड पाहून सारा ठरवण्याची पद्धत बसवली. १६२६ साली तो वारला, पण त्याची ‘मलिकअंबरी’ पद्धत पुढच्या राज्यकर्त्यांनाही विचारात घ्यावी लागली. शेतात जे पिकते त्याच्याशी नोंद जुळलेली असावी, एवढे साधे तत्त्व त्यामागे होते.

हे तत्त्व सुटले की काय होते, तेही पुणे जिल्ह्यानेच पाहिले. कंपनी सरकारच्या काळात, १८२० च्या दशकात, प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जिल्ह्याची मोजणी केली. प्रत्येक जमिनीचे निव्वळ उत्पन्न गणिताने काढायचे आणि त्याच्या ५५ टक्के सारा लावायचा, अशी योजना होती. कागदावर ती फार शास्त्रीय दिसत होती. पण आकडे चुकीचे होते, हाताखालच्या लोकांनी पैसे खाऊन ते फिरवलेही होते. सारा झेपेना तेव्हा लोकांनी जमिनी टाकल्या, गावे सोडली. शेवटी सरकारला ती मोजणी गुंडाळावी लागली आणि १८३५ मध्ये इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली. कचेरीत बसून केलेल्या हिशेबाची किंमत शेतात राबणाऱ्याने मोजली.

१८७५: वह्या जाळणारे शेतकरी

१२ मे १८७५ रोजी सुपे गावच्या बाजारात शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यातही ते पोहोचले. इतिहासात या घटनांना ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव युद्ध संपताच कोसळला होता, सरकारने सारा वाढवला होता आणि शेतकरी कर्जात बुडाला होता.

या उठावातली लक्षात ठेवण्यासारखी बाब अशी की माणसांवर फारसे हल्ले झाले नाहीत. लोकांनी कर्जरोखे मागितले, ते मिळाले की जाळले. आपल्याला कोणी गरीब केले हे त्यांना नेमके कळले होते: आपल्या अंगठ्याचा ठसा असलेला, पण आपल्याला वाचता न येणारा आणि आपल्या ताब्यात नसलेला तो कागद. दिलेला पैसा वहीत जमा झाला की नाही, व्याज कुठल्या दिवसापासून धरले, मुद्दल किती उरले, हे विचारायची सोय नव्हती. वही सावकाराची, लेखणी सावकाराची आणि कोर्टात पुरावाही तोच.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. कर्जबाजारी शेतकऱ्याची अटक थांबवणारा, कोर्टाला कर्जाचा मूळ हिशेब तपासायला लावणारा म्हणून तो ओळखला जातो. पण त्यात आणखी एक तरतूद होती, जिच्याबद्दल कमी बोलले जाते. शेतकऱ्याचे रोखे गावपातळीवरच्या निबंधकासमोर लिहायचे, दिलेल्या पैशाची लेखी पावती द्यायची, वर्षाचा हिशेब द्यायचा, आणि मागितल्यास पासबुक द्यायचे, असे त्या कायद्याने सावकारावर बंधन घातले. म्हणजे आजपासून जवळपास दीडशे वर्षांपूर्वी, याच पुणे जिल्ह्यात, ऋणकोला स्वतःच्या हिशेबाची प्रत मिळण्याचा हक्क कायद्याने मान्य केला. तो अमलात किती आला हा वेगळा प्रश्न. पण वही जाळून जे मागितले गेले होते, ते कायद्याच्या भाषेत उतरले.

मुस्लिम वाचकाला यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. कुरआनातली सर्वात लांब आयत, सूरह बकराहमधली २८२ वी, नमाज किंवा रोज्याबद्दल नाही, उधारीच्या लेखी नोंदीबद्दल आहे. मुदतीचे देणे लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत, असा तिचा आशय. आणि मजकूर सांगायचा कोणी? ज्याच्या डोक्यावर देणे आहे त्याने. तो सांगण्याच्या स्थितीत नसेल तर त्याच्या पालकाने. दुबळ्या बाजूच्या तोंडून नोंद व्हावी, हा त्यामागचा विचार. वही कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न किती जुना आहे ते यावरूनही कळते.

गिरणीतला जॉबर आणि माथाडीचे बोर्ड

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्नर, आंबेगाव, सातारा, कोकण इथला माणूस मुंबईच्या गिरण्यांकडे निघाला. तिथे त्याला मालक भेटला नाही, जॉबर भेटला. भरती जॉबर करी, खाडे जॉबर ठरवी, उधार पैसे तोच देई आणि दस्तुरीही तोच घेई. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी ‘बदली’ कामगार घ्यायचा. त्याने रोज सकाळी फाटकाशी उभे राहायचे आणि बोलावले तर आत जायचे.

१९११ साली अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांचे शास्त्रीय व्यवस्थापनावरचे पुस्तक आले. घड्याळ लावून कामगाराची हालचाल मोजायची आणि कमी माणसांत जास्त काम काढायचे, हा त्याचा गाभा. विसाच्या दशकात मुंबईच्या काही गिरण्यांनी त्याच धर्तीवर ‘कार्यक्षमता’ वाढवण्याच्या योजना आणल्या. दोन मागांऐवजी तीन माग सांभाळा, असा हुकूम विणकर खात्यात निघाला. या खात्यांत कोकणी आणि घाटी कामगारांबरोबर उत्तरेतून आलेले, मदनपुऱ्यात राहणारे मोमीन विणकरही होते. १९२८ चा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप या योजनांच्या विरोधात पेटला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. माग तोच होता, माणूस तोच होता. बदलली होती ती मोजण्याची रीत.

याच मुंबईत पुढे उलट उदाहरणही घडले. बाजारातला, गोदीतला ओझी वाहणारा माथाडी कामगार. त्याची टोळी होती, मुकादम होता, मालक मात्र रोज वेगळा. मग जबाबदार कोण? अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यानंतर १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. कामगाराची नोंद बोर्डाकडे, मालकाचीही बोर्डाकडे. मालकाने मजुरी आणि त्यावरची लेव्ही बोर्डात भरायची, बोर्डाने कामगाराला द्यायची. टोळी मोडली नाही, काम बदलले नाही. वही तेवढी तिसऱ्याच्या हाती गेली आणि भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना हे शब्द हमालाच्या घरात आले. टोळीने काम करणाऱ्या, मालक नसलेल्या माणसाला संरक्षण देता येत नाही असे म्हणणाऱ्यांना हा कायदा उत्तर आहे.

पारगावचा ऊस

आता पुन्हा पारगावला येऊ. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याने आंबेगावच्या पूर्व भागाचे रूप पालटले, ऊस वाढला. पारगावच्या हद्दीत दत्तात्रयनगरला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा आहे. पलीकडे जुन्नर तालुक्यात विघ्नहर. पुढे जे लिहितो आहे ते एखाद्या कारखान्याबद्दल नाही, राज्यभरच्या साखर धंद्याच्या रिवाजाबद्दल आहे.

शेतकऱ्याच्या उसाची नोंद आज किती बारकाईने होते पाहा. गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागण की खोडवा, लागणीची तारीख. त्या तारखेवरून तोडणीचा क्रम लागतो. पूर्वी हे सारे शेतकी विभागाच्या वहीत असे, आता टॅबवर येते. २०२२ मध्ये साखर आयुक्तालयाने ‘महा-ऊस नोंदणी’ हे ॲप आणले, शेतकऱ्याला घरबसल्या नोंद करता येऊ लागली. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने उसाला पाणी आणि खत किती लागेल हे सांगणारा प्रयोग केला. गाडी यार्डात आली की नंबर, इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन, छापील पावती, अनेक ठिकाणी लगेच मोबाईलवर संदेश. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. हे सगळे चांगलेच आहे, आणि यासाठी शेतकऱ्याला लढावे लागले आहे.

पण त्याच उसाच्या फडात उतरले की चित्र बदलते. बीडहून, पाथर्डीहून, मराठवाड्याच्या कोरडवाहू पट्ट्यातून टोळ्या येतात, कारखान्याच्या आसपास कोप्या पडतात. इथे मोजायचे एकक माणूस नाही, ‘कोयता’ आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा आला तर अर्धा कोयता. मजुरी टनावर. २०२४ च्या जानेवारीत झालेल्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. त्यावर मुकादमाचे कमिशन वेगळे.

हंगामाआधी उचल मिळते, ती काम करून फेडायची. न फिटली तर बाकी अंगावर आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम. काट्यावर जे वजन उमटते ते गाडीचे. त्या गाडीत कोणत्या जोडप्याने किती मोळ्या टाकल्या, त्याचे टन किती, हे बऱ्याच ठिकाणी मुकादमाच्या वहीत किंवा त्याच्या डोक्यात असते. गाडीचा नंबर संगणकात असतो, बाईचे नाव नसते. ती निम्मे काम करते, पण हिशेब नवऱ्याच्या नावावर होतो.

आणि खाडा. एक दिवस काम बुडाले की मजुरी तर जातेच, वर दंड कापला जातो. तापाने पडलात तरी खाडा, पाळीच्या दुखण्याने बसलात तरी खाडा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी पाहिली, त्यातल्या १३ हजारांहून अधिक बायकांचे गर्भाशय काढलेले होते. कारणे एकाहून जास्त आहेत: लहान वयातली लग्ने, स्वच्छतेचा अभाव, पैशासाठी घाबरवणारे डॉक्टर. पण खाड्याचा धाक त्यात आहे, हे त्या बायकांनीच सांगितले. फडात कोणी छडी घेऊन उभे नसते. उचल, टन आणि खाडा यांची सांगड अशी बसवली आहे की माणूस स्वतःच स्वतःच्या मागे लागतो. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याला वेगवेगळी नावे आहेत. फडात त्याला उचल फेडणे म्हणतात.

मोबाईलमधली हजेरी

हीच रचना आज शहरात नव्या कपड्यांत दिसते. पुण्यात जेवण पोहोचवणारा पोरगा, भाड्याने गाडी मारणारा चालक. कंपनी त्याला कामगार म्हणत नाही, ‘पार्टनर’ म्हणते. पैसे खेपेवर. ठरावीक खेपा झाल्या तर बोनस, जो शेवटच्या दोन खेपांसाठी रात्री उशिरापर्यंत पळवतो. गिऱ्हाइकाने तारे कमी दिले की काम आटते, आयडी बंद झाली तर दाद कोणाकडे मागायची कळत नाही. गाडीच्या हप्त्याचे ओझे उचलीचे काम करते. मुकादम निदान गावात भेटायचा, त्याच्या ओट्यावर बसून भांडता यायचे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची व्याख्या केली, २०२३ मध्ये राजस्थानने त्यांच्यासाठी कायदाही केला. मोहल्ल्यातली कितीतरी मुले आज या कामात आहेत. कारागिरीचा धंदा बसला, नोकरी मिळाली नाही, दुचाकी होती. म्हणून तिच्यावर निघाली.

रोजगार हमीचेही तेच. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने हातांना काम दिले आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा केला. त्या कामावर मस्टर असे. त्यात घोटाळे झाले, पण मजुराला ते मागून पाहता येत होते. १ जानेवारी २०२३ पासून केंद्राने मनरेगाच्या सर्व सार्वजनिक कामांवर मोबाईल ॲपने, दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी सक्तीची केली. भ्रष्टाचार थांबेल असे सांगितले गेले. डोंगराळ भागात नेटवर्क नसले की केलेले कामही हजेरीत धरले जाईना. आणि २०२५ च्या जुलैमध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावे लागले की कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोचे फोटो चढवले जात आहेत. चोरी करणाऱ्याने वाट शोधली, ॲपमुळे अडला तो प्रामाणिक मजूर.

प्रत मिळाली पाहिजे

तंत्रज्ञान नको, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ऊसतोड कामगाराचे दुःख तो मोजला जातो हे नाही. त्याच्या कामाची मोजणी त्याच्या नावावर होत नाही आणि त्याला दाखवली जात नाही, हे आहे. गाडीचे वजन शेतकऱ्याच्या मोबाईलवर पोहोचते, तर तेच वजन तोडणाऱ्या जोडप्याच्या मोबाईलवर, दोघांच्या नावाने, का पोहोचू नये? यंत्र तेच, काटा तोच, एक नंबर वाढवायचा आहे. उचल किती घेतली, किती फिटली, खाडा कोणत्या दिवशी आणि का लावला, याचे पासबुक का असू नये?

कारखाने म्हणतील, आम्ही मालक नाही, आमचा करार वाहतूकदाराशी आहे. मुकादम म्हणतील, उचल घेऊन टोळ्या पळतात, बुडतो आम्ही. दोन्हींत तथ्य आहे. उचल बुडवल्याच्या तक्रारी दर हंगामात पोलीस ठाण्यात जातात, वाहतूकदार शेतकऱ्याचा ट्रॅक्टर हप्त्यात अडकतो. पण म्हणूनच तर लेखी, दोन्हीकडे प्रत असलेला हिशेब हवा. तो प्रामाणिक मुकादमालाही वाचवतो. मालकाच्या प्रश्नाला माथाडी कायद्याने ५० वर्षांपूर्वी उत्तर दिले आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे पैसे घेतले जातात, ओळखपत्रांची नोंदणीही सुरू झाली. महामंडळाला माथाडी बोर्डासारखे हिशेबाचे अधिकार दिले तर ओळखपत्राला अर्थ येईल.

१८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याला जे दिले, ते १८७५ मध्ये मागितले गेले म्हणून दिले. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्यांचे ट्रक पुन्हा घाट उतरून घोडच्या खोऱ्यात येतील. त्या कोप्यांतल्या बहुतेक घरांत आता एक तरी मोबाईल असतो. त्यावर स्वतःच्या तोडलेल्या उसाचे वजन आणि स्वतःच्या उचलीची बाकी वाचता यावी, एवढी मागणी ऊस पिकवणाऱ्याने, साखर खाणाऱ्याने आणि स्वतःला या मातीतले म्हणवणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्या बरोबरीने करायला हवी.